जेराल्ड रुमावने पाडलेली विमानं

जेराल्ड रुमाव कुणावरही विश्वास ठेवत नसे, आणि त्याचाच त्याला पगार मिळे. आखातातल्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका मनोऱ्यात त्याचं ऑफिस होतं. खिडकीतून तळं कमी आणि समोरच्या मनोऱ्यातले जेवणाचे डबे उघडून बसलेले लोक जास्त दिसायचे. तिथे बसून तो समुद्रात बुडालेल्या, भिजलेल्या, सडलेल्या मालाच्या विम्याचे क्लेम तपासायचा. कांदा सडला की मालक सांगणार, वादळ आलं. ते वादळ जहाजाच्या नोंदवहीत हटकून असायचं आणि हवामान खात्याकडे कधीच नसायचं. अत्तराच्या बाटल्या फुटल्या की अख्ख्या खोक्यात एकही स्वस्त बाटली नसायची. जेराल्डच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती. एक खोटा क्लेम करणारी, आणि दुसरी अजून तशी वेळ न आलेली.

ऑफिसात त्याचं नाव होतं ते डबल क्लेम पकडण्यासाठी. रास अल खोरच्या एका व्यापाऱ्याची चहाची खोकी बंदरावर उतरवताना फोर्कलिफ्टखाली चिरडली होती. त्या पठ्ठ्याने तीच खोकी समुद्राच्या पाण्यात भिजली म्हणून दुसऱ्या एजंटामार्फत पुन्हा क्लेममध्ये घातली. तारखा वेगळ्या, कागद वेगळे, सह्या वेगळ्या. जेराल्डने दोन फायली शेजारी ठेवल्या आणि त्यातली एक उचलून केराच्या टोपलीत टाकली. 'नुकसान एक, रडणारे दोन' हे त्याचं आवडतं वाक्य. ते तो नव्या पोरांना ट्रेनिंगमध्ये ऐकवायचा, आणि पोरं वहीत लिहून घ्यायची. डोकं वापरण्यापेक्षा वाक्य लिहून घेणं सोपं असतं.

अशा माणसाला छंद लागला तोही त्याच्या स्वभावाला साजेसा. दुसऱ्या महायुद्धात भूमध्य समुद्रातून माल्टा बेटाला रसद नेणाऱ्या जहाजांच्या ताफ्यांवर जर्मन आणि इटालियन विमानांनी हल्ले केले. कुठला हल्ला कधी झाला, कुणी केला, कोणतं जहाज कुणाच्या बॉम्बने बुडालं, हे त्या काळच्या नोंदींवरून जुळवत बसायचा छंद. हे काम म्हणजे जेराल्डला पंचपक्वान्नाचं ताट होतं, कारण त्या नोंदींइतकं खोटं त्याला ऑफिसातही कुणी कधी वाढलं नव्हतं. वैमानिक घरी जाऊन सांगायचे, सहा जहाजं बुडवली. ताफा बंदरात पोचायचा तेव्हा एकच कमी असायचं. जहाजांवरचे तोफवाले सांगायचे, वीस विमानं पाडली. पलीकडच्या तळावर संध्याकाळी तीन कमी उतरलेली असायची. एका विमानावर सात जहाजांनी गोळ्या झाडल्या, की सातही जण ते आपणच पाडलं म्हणून लिहिणार. वर त्यांच्या छातीवर बिल्ले लावणारे सेनापती बसलेलेच. "मेडल म्हणजे काय रे," जेराल्ड म्हणायचा, "सर्व्हेअर न पाठवता पास केलेला क्लेम."

या विषयाची एक इंटरनेटवरची चावडीही होती. इंग्लंड-जर्मनीतले पेन्शनर तिथे रोज भांडायचे. विमानाचं शेपूट कुठल्या रंगाचं होतं यावर त्यांची तीन-तीन आठवडे जुंपायची. आयुष्यात साधी नदीही न ओलांडलेले हे लोक टॉर्पेडो कसा टाकावा ते एकमेकांना शिकवायचे. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचं संमेलनच ते. जेराल्ड त्यांना मनापासून तुच्छ लेखायचा आणि रोज तिथे जायचा. १९४२च्या उन्हाळ्यात अलेक्झांड्रियाहून निघालेल्या एका ताफ्याचा संपूर्ण, तासवार तक्ता तो तिथे हप्त्याहप्त्याने टाकत होता. तोच ताफा त्याने का घेतला हे मात्र त्याने तिथे कुणाला सांगितलं नव्हतं.

कारण घरात होतं. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या त्याच्या फ्लॅटमध्ये दर हिवाळ्याला सासरे यायचे. बस्त्याव डाबरे, वय चौऱ्याऐंशी, एस.टी.च्या आगारातून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त. वसईहून येताना केळी आणायचे. इथे केळी मिळतात हे त्यांना पटतच नसे. त्याच्या बायकोचे, ग्रेसीचे, हे वडील बोलायला कमी, पण एक गोष्ट मात्र कुणीही नवं भेटलं की सांगायचे. त्यांचे वडील पास्कोल इंग्रजांच्या मालवाहू बोटीवर पँट्रीत कामाला होते. बोट माल्टाला चालली होती. पहिल्यांदा विमानं आली तेव्हा काही लोक घाबरून होडीत उतरले, पण पास्कोल बोटीवरच राहिला. दुसऱ्यांदा विमानं आली, बोटीला आग लागली, तेव्हा तो खाली अडकलेल्या भंडाऱ्याला, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाक्याला, आणायला गेला तो वर आला नाही. बस्त्याव तेव्हा पाळण्यात होते. हे सगळं पास्कोलचा सोबती सिमाव याने युद्धानंतर घरी येऊन त्यांच्या आईला सांगितलं, आणि आईने त्यांना. बापाचा फोटो नाही, थडगं नाही. बापाच्या नावाने त्यांच्याकडे होती ती एवढीच गोष्ट.

जेराल्डला ही गोष्ट पहिल्यापासून खुपायची. "पहिल्यांदा, दुसऱ्यांदा," तो ग्रेसीला म्हणायचा. "सगळ्या स्टोऱ्यांमध्ये दुसऱ्यांदा असतंच. पहिल्यांदा हीरो वाचतो, दुसऱ्यांदा जातो. हे पिक्चरवाले कुठून शिकले वाटतं तुला?"

"ते म्हातारे आहेत, जेरी. राहू दे ना."

"मी कुठे काय म्हणतोय? मी फक्त रेकॉर्ड बघतोय."

त्याने ते खरोखर बघितलं. इंग्लंडमधल्या संग्रहालयातून दोन कागदांच्या प्रती मागवल्या. एक त्या बोटीच्या कप्तानाचा अहवाल आणि दुसरी सोबतच्या विनाशिकेची, म्हणजे ताफ्याला संरक्षण देणाऱ्या लढाऊ जहाजाची, नोंदवही. विनाशिकेच्या वहीत लिहिलं होतं की पावणेदोनला जर्मन विमानांचा हल्ला झाला, आणि मग उलटलेल्या होडीतून नऊ माणसं जिवंत उचलली. कप्तानाच्या अहवालात लिहिलं होतं की पावणेचारला बोटीवर मारा झाला आणि ती बुडाली. 'हल्ल्याच्या वेळी हिंदी नोकरांनी हुकमाशिवाय होडी सोडली व ती उलटली' असंही त्यात होतं, आणि खाली बुडालेल्यांची नावं. त्यात पास्कोल डाबरे. दोन नोंदींत बरोबर दोन तासांचा फरक. जेराल्डने मांडीवर थाप मारली. घड्याळं वेगळी. एकाने ग्रीनिचची वेळ लिहिली, दुसऱ्याने इजिप्तची. हल्ला एकच, नोंदी दोन. वर इटालियन टॉर्पेडो विमानांच्या एका तुकडीने संध्याकाळी आपल्या तळावर जाऊन तीच बोट आपण बुडवल्याचं लिहून ठेवलं होतं. बारा विमानं हल्ल्याला गेली म्हणे. जर्मन आधीच तो क्लेम घेऊन बसले होते. नुकसान एक, रडणारे दोन. इटालियनांची फाइल जेराल्डने टोपलीत टाकली, आणि तक्ता असा चोख जुळला की त्याने स्वतःच्या हाताने स्वतःला चहा करून दिला. या घरात असं वर्षातून एकदा व्हायचं.

त्यातून पास्कोलचं काय झालं हे आपोआप निघालं. हल्ला एकच, होडी त्याच वेळी उलटली, तर बुडालेले होडीतलेच. दुसऱ्यांदा असं काही नव्हतंच.

ऑक्टोबर संपत आला होता. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, इथले वसईकर कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये जमून जपमाळ करतात. नंतर एकेका घरातला एक जण उभा राहून आपल्या एका मृताबद्दल चार वाक्यं बोलतो आणि मेणबत्ती लावतो. फायर अलार्म वाजू नये म्हणून या मेणबत्त्या बॅटरीवर चालणाऱ्या असतात, आणि त्यावर सगळे दर वर्षी तोच विनोद करतात. या वर्षी जमायचं होतं जेराल्डच्या घरी, आणि सगळ्यांत वयस्कर म्हणून शेवटी बोलायचं होतं बस्त्याव यांनी.

आदल्या शुक्रवारी जेवताना म्हाताऱ्याने विषय काढला. ग्रेसीने पापलेट केलं होतं. "पासष्ट दिरहॅम, म्हणजे पंधराशे रुपये, नीट खा सगळे," असं तिने आधीच बजावलं होतं.

"जेराल्ड, तू कागद मागवले होतेस ना. पप्पांचे," बस्त्याव म्हणाले. "मी रविवारी बोलणार आहे. काही चुकीचं बोलायला नको. काय लिहिलंय त्यात?"

ग्रेसीने जेराल्डकडे पाहिलं. ती नजर कुठल्याही शहाण्या नवऱ्याला कळली असती. पण जेराल्ड त्या आठवड्यात शहाणा नव्हता, बरोबर होता.

"सांगू?" तो म्हणाला, आणि हसला. ऑफिसात व्यापाऱ्यासमोर दोन फायली ठेवताना हसायचा तसंच. "पप्पा, तुमच्या त्या सिमावने फर्स्ट क्लास स्टोरी बनवली. अटॅक एकच झाला. दुसऱ्यांदा कोणी आलंच नाही. तुमचे पप्पा होडीत होते. ऑर्डर नसताना उतरले, होडी उलटली, खलास. भंडारी-बिंडारी काही नाही. मी चार्ट केलाय, दाखवतो हवं तर."

"डॅड, दॅट्स सो मीन," मरिसा म्हणाली. ती सोळा वर्षांची होती. ताटावरून तिने मान वर केली ती त्या संध्याकाळी पहिल्यांदाच.

"मीन काय? हे फॅक्ट आहे."

बस्त्याव यांनी बोटांतला माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. मग विचारलं, "म्हणजे पळाले?"

"आता पळाले म्हणा, घाबरले म्हणा. सगळेच घाबरतात, पप्पा. त्यात लाजण्यासारखं काय आहे? फक्त नंतर गोष्टी रचू नयेत."

"कागदात आहे म्हणतोस."

"दोन-दोन कागदांत आहे."

म्हातारा 'बरं' म्हणाला आणि ताट घेऊन उठला. त्यांनी ते स्वतः धुतलं. ग्रेसी त्या रात्री नवऱ्याशी बोलली नाही, आणि जेराल्डच्या मते हा शुद्ध अन्याय होता. खोटं बोलला सिमाव, लिहिलं इंग्रजाने, आणि शिक्षा कुणाला, तर जुळवणाऱ्याला.

रविवारी हॉल भरला. नाकाने कांदे सोलणारे, गिफ्ट कूपन गोळा करणारे, पार्किंगवरून कुरकुरणारे, सगळे आले. एकेक जण उभा राहिला आणि आपापला मृत माणूस मांडून बसला. जेराल्ड सोफ्याच्या हातावर टेकून मनातल्या मनात तपासत होता. कुणाच्या बापाने आयुष्यात कुणाला दुखवलं नव्हतं. कुणाची आई मरेपर्यंत हसत होती. एकीचा नवरा, जो दारू प्यायला कधी कमी पडत नसे, तो आज प्रार्थनेचा माणूस निघाला. मेल्यावर सगळेच संत होतात आणि सर्व्हेअर कुणी पाठवत नाही, असं जेराल्डला वाटलं.

मग बस्त्याव उठले. त्यांनी शर्टाची सगळी बटणं लावली होती.

"माझे वडील पास्कोल," ते म्हणाले. "बोटीवर होते. मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आलो की ते माणूस वाचवताना गेले. इथेही बऱ्याच जणांना सांगितलंय. तसं नव्हतं. ते घाबरून पळाले आणि बुडाले. माझ्या जावयाने कागद पाहिलेत. देव त्यांना क्षमा करो. आणि इतकी वर्षं खोटं सांगितलं म्हणून मलाही करो."

त्यांनी मेणबत्तीचं बटण दाबलं. ती लगेच लागली नाही, दोनदा दाबावं लागलं.  क्रिस्टोफरने, जो हॉटेलात बँक्वेट सांभाळायचा आणि अवघड क्षण कसे मोडायचे हे धंद्यानेच शिकला होता, घसा साफ करून पुढची प्रार्थना सुरू केली. लोक लवकर गेले. जाताना प्रत्येकाने बस्त्याव यांचा हात दोन्ही हातांत धरला. जेराल्डला पहिल्यांदा काहीतरी टोचलं. पण त्याने ते अपचनावर टाकलं.

आठवडाभराने चावडीवर डेव्हनमधल्या एका पेन्शनराचं उत्तर आलं. हा माणूस जेराल्डला सगळ्यांत मूर्ख वाटायचा, कारण तो वाक्यात कधीच घाई करत नसे. त्याने एक पान जोडलं होतं. ते ताफा निघण्यापूर्वीचे हुकूम होते. त्यात साधं वाक्य होतं: बंदर सोडल्यापासून पोचेपर्यंत सर्व जहाजांनी एकच घड्याळ पाळायचं. खाली त्याने लिहिलं होतं की तुमच्या दोन नोंदींत दोन तासांचा फरक आहे, कारण मधे दोन तास गेले. पावणेदोनला जर्मन आले आणि गेले. विनाशिकेने होडीतली नऊ माणसं उचलली आणि ती हल्ल्यात मोडलेल्या दुसऱ्या एका जहाजासोबत मागे फिरली, म्हणून पुढचं तिच्या वहीत नाही. पावणेचारला इटालियन आले आणि त्यांनी बोट बुडवली. तुम्ही तो हल्लाच काढून टाकलात. बारा विमानं एका माणसाने पाडल्याचा हा युद्धातला सर्वांत मोठा क्लेम असावा, अभिनंदन. खाली इतर पेन्शनरांनी हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लावली होती.

शेरास सव्वाशेर भेटला. पण जेराल्डला ती थट्टा लागलीसुद्धा नाही. त्याचं लक्ष नऊ माणसांवर अडकलं होतं. विनाशिकेची वही त्याने पुन्हा उघडली. उचललेल्यांनी सांगितलेला आकडा तिथे पुढेच लिहिला होता आणि त्याने तो घाईत सोडला होता: होडीत नऊच जण होते. नऊच्या नऊ जिवंत उचलले होते. म्हणजे होडीतून कुणीच बुडालं नव्हतं. जे मेले ते सगळे दोन तासांनी, बोटीवरच मेले. कप्तानाने दोन्ही हल्ले एका परिच्छेदात कोंबले होते. बोट गमावल्याबद्दल जाब द्यावा लागणाऱ्या माणसाला पळपुट्या नोकरांचा आधार बरा वाटतो. हा डाव जेराल्ड ऑफिसात दुसऱ्या ओळीत ओळखायचा. इथे नाही ओळखला, कारण इथे त्याला सासऱ्याला पकडायचं होतं. पास्कोल भंडाऱ्याला आणायला गेला की नाही हे कुठल्याच कागदात नव्हतं. पण तो पळताना बुडाला नव्हता हे आता पक्कं होतं, आणि पळाला असं त्याचा मुलगा हॉलमध्ये उभा राहून सांगून बसला होता.  जेराल्डला स्वतःची शिसारी आली.

घरी येऊन त्याने आधी ग्रेसीला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मला काय सांगतोस," ती म्हणाली. "पप्पांना हॉलमध्ये बोलायला लावलंस ना? मग तूही हॉलमध्येच बोल."

"लावलं मी? मी फक्त..."

"जेरी."

 बस्त्याव यांचं परतीचं तिकीट नोव्हेंबरअखेरचं होतं. त्यांच्यासाठी क्रिस्टोफरने आपल्या घरी जेवण ठेवलं. सगळे तेच लोक आले. जेवणाआधी जेराल्ड उभा राहिला. त्याने तक्ता आणला होता, पण तो काढला नाही. 

"दोन तारखेला पप्पा जे बोलले ते माझ्यामुळे बोलले," तो म्हणाला. "मी चुकलो. अटॅक दोन झाले होते. मी एक समजलो. होडीतले सगळे वाचले. पप्पांचे वडील होडीत नव्हते, ते बोटीवरच राहिले आणि तिथेच गेले. ते पळाले नाहीत. हे मी... हे आता पक्कं आहे. मला माफ करा, पप्पा."

शेवटच्या वाक्याला तो रडू लागला. आयुष्यात पहिल्यांदा तो क्लेम करणाऱ्यांच्या बाजूला उभा होता, आणि समोरचे सगळे त्याच्याकडे कसे पाहत होते ते त्याला दिसत होतं. मान हलवत होते, डोळे मऊ झाले होते. एकाच्याही चेहऱ्यावर 'अस्सं होतं होय' असं नव्हतं. एक बाई पुढे येऊन त्याच्या दंडाला हात लावून गेली. क्रिस्टोफरने त्याच्या हातात प्लेट दिली आणि हळूच म्हणाला, "गुड मॅन. सासऱ्यासाठी एवढं करायलाच पाहिजे. कोण विचारतोय कागद?"

"पण कागद आहेत, क्रिस्टी. मी दाखवतो."

"हबीबी, जेव आधी."

परत येताना गाडीत बस्त्याव पुढे बसले होते. ग्रेसी आणि मरिसा मागे.  जेराल्डने विचारलं, "पप्पा, तुम्हाला कळलं ना? ऑर्डरचं पान मी प्रिंट काढलंय. घरी गेल्यावर बसून दाखवतो. एकेक ओळ."

"नको," बस्त्याव म्हणाले. त्यांनी जेराल्डच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुझे उपकार झाले. खोटं बोलणं तुझ्या स्वभावात नाही. किती जड गेलं असेल."

"खोटं नाहीये, पप्पा. खरंच दोन अटॅक झाले होते. तुम्ही सांगत होता ते बरोबर होतं."

"बरं."

"तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवत नाही?"

"ठेवला ना," म्हातारा म्हणाला. "त्या शुक्रवारी ठेवला. तू हसत हसत सांगितलंस, तेव्हाच मला कळलं की हे खरं आहे. आज तू रडत होतास. माणूस दुसऱ्याचं मन राखायला रडतो, जेराल्ड."